राऊतसाहेबांचं इंटरकनेक्ट

तारापूर एमआयडीसीतल्या मंगलदीप ड्रग्ज या कारखान्यात कृष्णकांत राऊत खरेदी अधिकारी होते आणि त्यांना केबिन नव्हती. वाचणाऱ्याला यात विशेष काही वाटायचं नाही. पण अकाउंट्सला केबिन होती, क्यूसीला केबिन होती, डिस्पॅचच्या माणसालासुद्धा तीन बाजूंनी प्लायवूड आणि चौथ्या बाजूला पडदा अशी का होईना, केबिन होती. कृष्णकांतांचं टेबल मात्र वॉटर कूलर आणि स्टोअरचं दार यांच्या मधल्या बोळात होतं. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या टेबलाला टेकून पाणी प्यायचा आणि ओला ग्लास त्यांच्या कोटेशनांवर ठेवून जायचा. मुंबईहून येणारे सेल्समन हातात कार्ड धरून त्यांनाच विचारायचे, "परचेस ऑफिसर कुठं बसतात हो?" कृष्णकांत चष्मा काढायचे, पुसायचे, परत घालायचे आणि म्हणायचे, "बोला." त्या एका शब्दात सत्तावीस वर्षांचा अपमान ठासून भरलेला असायचा. सेल्समनला तो कधी ऐकू गेला नाही.

अशा माणसाला एक दिवस केबिन मिळण्याची वेळ आली, आणि ती आली नरहरीशेठच्या व्यसनामुळे. शेठ म्हणजे मंगलदीपचे मालक. माणूस तसा निर्व्यसनी, सुपारीसुद्धा खात नाही. पण एमआयडीसीत एखादी कंपनी बंद पडली आणि तिच्या सामानाचा लिलाव निघाला की शेठचा पाय घरात ठरत नाही. "नुसतं बघून येतो" म्हणून जातात आणि टेम्पो भरून येतात. एकदा त्यांनी दाताच्या डॉक्टरची खुर्ची आणली होती. केमिकल कंपनीत ती कुठून आली हे तिथं कुणाला माहीत नव्हतं, आणि इथं तिचं काय करायचं हे कुणाला सुचलं नाही. शेवटी ती गेटवर गेली. वॉचमन गोमा तिच्यावर असा काही पहुडतो, की ट्रकवाले आधी आ करून उभे राहतात आणि मग गेटपास दाखवतात.

या खेपेला शेठनी ब्लेड सर्व्हर नावाचे चपटे कॉम्प्युटर आणले. फ्रिजएवढं एक काळं धूड, आणि त्याच्या पोटात लादीतल्या पावांसारखे एकाला एक चिकटून उभे बसवलेले दहा सर्व्हर. शेठ त्याला कौतुकानं "डेटा सेंटर" म्हणाले आणि कारखान्यातले सगळे लगेच तसं म्हणू लागले. त्या धुडाच्या मागच्या बाजूला मात्र दोन शेजारीशेजारी खण रिकामे होते. आतल्या दहा जणांचं बाहेरच्या जगाशी जे काही बोलणं व्हायचं ते या दोन खणांतल्या यंत्रांतून व्हायचं, आणि ती यंत्रं आधीच्या मालकानं किंवा आधीच्या मालकाच्या चोरानं काढून नेली होती. त्यामुळे दहाही सर्व्हर आपापल्या जागी अगदी हुशार होते आणि जगाला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

"राऊत," शेठ म्हणाले, "पुढच्या महिन्यात परदेशातले तपासनीस येतायत. लॅबचा सगळा डेटा एका जागी, नीट ठेवलेला दिसला पाहिजे. हे चालू करून घ्या. आणि याच्या शेजारची काचेची खोली आहे ना, ड्रम ठेवलेत ती? ती रिकामी करून देतो तुम्हाला. केबिन."

शेवटचा शब्द शेठनी जरा थांबून उच्चारला. संध्याकाळी कुंभवलीला घरी पोचेपर्यंत कृष्णकांतांनी मनातल्या मनात केबिनमध्ये टेबल तीन वेगवेगळ्या दिशांना लावून पाहिलं होतं. जयवंतीबाईंनी बातमी ऐकली, भाताला फोडणी घातली, गॅस बारीक केला आणि एडवणला नणंदेला फोन लावला. तासाभरात अख्ख्या एडवणला कळलं की कृष्णाला काचेची केबिन मिळाली. मिळणार आहे आणि मिळाली यांत जो काय फरक असतो तो फोनवर नीट कळत नाही.

कारखान्याचं आयटी खातं म्हणजे दिशा. एकटी. सातपाटीची मुलगी, हुशार, कामाला वाघ, पण दुसऱ्याच दिवसापासून लग्नाच्या रजेवर निघालेली. जाता जाता पर्स खांद्याला अडकवत ती कृष्णकांतांच्या टेबलापाशी थांबली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, मागच्या दोन खणांत इंटरकनेक्ट मॉड्यूल लागतील. दोन प्रकारची मिळतात, पास-थ्रू आणि स्विच. यातलं आपल्याला काय बरं पडेल ते बघून मागवा. फरक तर तुम्हाला माहीतच असेल."

कृष्णकांतांनी मान हलवली.

ही मान हलली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण कृष्णकांतांचा नाइलाज होता. खरेदीतल्या माणसानं "मला कळलं नाही" म्हणायचं नसतं, हे ते नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकले होते. असं म्हणणाऱ्याच्या गळ्यात विक्रेते काय वाटेल ते मारतात. म्हणून त्यांनी व्हॉल्व्ह, गॅस्केट, सॉल्व्हंट, सेंट्रिफ्यूजच्या पिशव्या, सगळं मान हलवत घेतलं होतं. आधी मान हलवायची, मग तीन विक्रेते बोलवायचे. प्रत्येक जण बाकीच्या दोघांच्या मालाला नावं ठेवतो आणि त्या भांडणातून आपल्याला फुकटात शिक्षण मिळतं. सत्तावीस वर्षं ही पद्धत एकदाही चुकली नव्हती.

या वेळी विक्रेता एकच निघाला. त्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग ठेवणारा मुंबईत भाग्येश नावाचा एक जण होता, आणि त्याच्याकडे पास-थ्रूही होतं आणि स्विचही होतं. कृष्णकांतांनी कसलेल्या आवाजात विचारलं, "काय म्हणतोय तुमचा पास-थ्रू?"

"सर, एकदम बेस्ट."

"आणि स्विच?"

"सर, स्विच पण एकदम बेस्ट."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"सर, तुमची रिक्वायरमेंट काय त्यावर आहे ना. तुम्ही म्हणाल ते पाठवतो."

स्वतःच्याच दोन मालांना सारखंच चांगलं म्हणणारा विक्रेता कृष्णकांतांना प्रथमच भेटत होता. भांडणच नाही तर शिकायचं काय? तरी त्या पोरानं दर वाक्यात "सर" म्हटलं होतं. कारखान्यात त्यांना "राऊत" किंवा "काका" म्हणत. फोन ठेवल्यावरही तो "सर" बराच वेळ त्यांच्या कानात गोड वाजत राहिला.

मग त्यांनी वाटेनं भेटेल त्याला विचारायला सुरुवात केली, म्हणजे थेट न विचारता, आपण आधीच ठरवलंय पण समोरच्याची परीक्षा घेतोय अशा थाटात. प्रॉडक्शन मॅनेजर मनीष पाणी प्यायला आला तेव्हा त्यांनी हळूच विषय काढला. मनीषनं ग्लास कोटेशनावर ठेवला आणि तिथल्या तिथं चित्र काढलं. "सोपं आहे राऊत. पास-थ्रू म्हणजे दहा रिअ‍ॅक्टरला दहा वेगळ्या लाइनी. प्रत्येकाची आपली आपली सरळ बाहेर. स्विच म्हणजे एक हेडर, सगळ्यांचा मिळून एक मोठा पाइप, त्याला दहा व्हॉल्व्ह, आणि बाहेर जाताना एकच जाड लाइन. आता मला सांगा, कोण शहाणा माणूस दहा लाइनी टाकेल? स्विच घ्या."

हे पटलं. पाच मिनिटं पटलेलं राहिलं. मग शेठनी बोलावून घेतलं आणि मनीषनं काढलेलं चित्र पाहून ते लाल झाले. "एकत्र? अजिबात नाही. माझा आणि भावाचा धंदा एकत्र होता, आज आम्ही एकमेकांच्या दारात जात नाही. ज्याची त्याची वाट वेगळी असलेली बरी. पास-थ्रू घ्या." हेही पटलं. कृष्णकांतांचा हाच दोष होता, त्यांना समोरच्याचं पटायचं.

कुंभवलीला त्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बन्सीभाऊ राहायचे. मूळचे बीडकडचे, पण तारापूरच्या अणुवीज प्रकल्पात नोकरीला लागून आता इथलेच झालेले. सोसायटीत मोटर बिघडली, लिफ्ट अडकली, की लोक बन्सीभाऊंना विचारत, आणि बन्सीभाऊ डोळे बारीक करून सांगत, "आमच्याकडं याच्यावर उपाय हाये. पर ते बाहेर सांगता येत नाही." मोटरीच्या बाबतीतही सांगता येत नसे. कृष्णकांतांनी जिन्यात त्यांना गाठून पास-थ्रू की स्विच असं विचारलं.

बन्सीभाऊंनी आधी वर पाहिलं, मग खाली पाहिलं. "राऊतभाऊ, तुम्ही फार खोल गेलात."

"म्हणजे?"

"म्हंजी आमच्याकडं काय वापरतेत ते मला ठावं हाये. आता माझ्या तोंडाकडं बघा आणि काय समजायचं ते समजा."

कृष्णकांतांनी बघितलं. त्या तोंडावर त्यांना एकदा पास-थ्रू दिसलं आणि एकदा स्विच दिसलं. घरी येऊन ते आडवे पडले.

"अवो, कळत नाय तर सांगा ना शेटला, कळत नाय म्हणून," जयवंतीबाई कोळंबी सोलत म्हणाल्या.

"तुला नाही कळायचं ते."

"मला नाय कळत ते मी सांगते. तुमीच सांगत नाय."

कृष्णकांतांनी कूस बदलली. आणि कूस बदलताना त्यांना ती कल्पना सुचली. तारापूरच्या कुठल्याही कारखान्यात जा, पंप कधी एक नसतो. एक चालू असतो आणि त्याच्या शेजारी त्याचा भाऊ स्टँडबाय उभा असतो. एमआयडीसीत या गोष्टीला कुणी प्रश्न विचारत नाही. खण दोन आहेत, माणसं दोन आहेत. एका खणात शेठचं पास-थ्रू, दुसऱ्यात मनीषचं स्विच. शेठही खूश, मनीषही खूश, आणि आपण काही निवडलं नाही हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी हे मांडलं ते मात्र फार वेगळ्या भाषेत. चष्मा काढून, पुसून, परत घालून ते म्हणाले, "सगळा अभ्यास केला. सगळ्यात सेफ म्हणजे एक-एक. एक चालू, एक स्टँडबाय." मनीषनं मान डोलावली, शेठनी टेबलावर थाप मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "वा, राऊतसाहेब!" त्या दिवशी संध्याकाळी काचेच्या खोलीतले ड्रम हलवायला सुरुवात झाली. कृष्णकांत येता-जाता तिथं थांबून बघायचे आणि उगीचच मजुरांना "सावकाश" म्हणायचे.

माल वेळेवर आला. दोन चपटे करडे डबे, फोममध्ये गुंडाळलेले. आता ते उचलून खणात सरकवायचे इतकंच उरलं होतं, असं तुम्हाला वाटेल. औषधाच्या कारखान्यात तसं नसतं. गेटमधून आत आलेली कुठलीही वस्तू आधी पिवळं लेबल लावून जाळीच्या खोलीत कोंडतात. क्यूसीनं नमुना तपासून हिरवं लेबल लावल्याशिवाय ती वापरता येत नाही. खायचा सोडा असो, ॲसिड असो, नियम एकच. स्टोअरवाल्यानं सवयीनं दोन्ही डब्यांना पिवळी लेबलं लावली आणि कुलूप घातलं. कृष्णकांत धावत क्यूसीच्या प्रतीक्षा मॅडमकडे गेले.

प्रतीक्षा मॅडम म्हणजे सरळ रेषेत चालणारी बाई. त्यांनी शांतपणे सांगितलं, "नमुना पाठवा. पन्नास ग्रॅम."

"मॅडम, लोखंडी डबा आहे तो. त्याचे पन्नास ग्रॅम कुठून काढू?"

"ते स्टोअरनं बघायचं. नमुना नाही तर रिपोर्ट नाही. रिपोर्ट नाही तर लेबल नाही. आणि हिरव्या लेबलाशिवाय माल वापरलेला तपासनिसांनी बघितला तर मी काय सांगू त्यांना?"

"पण तपासणार काय तुम्ही? रंग? वास?"

"वर्णन, विद्राव्यता, ओलावा." मॅडम जराही हसल्या नाहीत. "पाण्यात विरघळतो का?"

कृष्णकांत "नाही" म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना भीती वाटली की या बाई खात्री करून बघतील. दोन दिवस डबे पिंजऱ्यात राहिले. कृष्णकांत सकाळ-संध्याकाळ जाळीतून त्यांची चौकशी करायचे. तिसऱ्या दिवशी स्वतः मॅडमच मालाची पाहणी करायला आल्या, एक खोका उघडला आणि त्यांचा चेहरा उजळला. आत सिलिका जेलची पांढरी पुडी होती, ओल शोषून घेणारी, औषधाच्या बाटलीत असते तसली. "ही चालेल," मॅडम म्हणाल्या. दोन्ही पुड्यांचं रीतसर वजन झालं, ओलावा मोजला गेला, तो मर्यादेत भरला, आणि त्या जोरावर दोन्ही डबे मानवी वापरासाठी योग्य ठरून हिरव्या लेबलांनिशी बाहेर आले.

शेठनी नारळ फोडला. इलेक्ट्रिशियननं एक डबा डाव्या खणात सरकवला, दुसरा उजव्या. बटण दाबलं. पंखे असे काही घोंघावले की मजूर ड्रम सोडून पळाले. मग पंखे शांत झाले आणि दोन्ही डब्यांवर एकेक पिवळा दिवा लागला. हिरवा लागायला हवा होता, हे कुणीही सांगितलं असतं. डावा उजवीकडे टाकला, उजवा डावीकडे. पिवळाच. डबे ओढून, फुंकर मारून, परत टाकले. पिवळाच.

"हेडरचा प्रॉब्लेम," शेठ म्हणाले.

"सर, दहा लाइनींचा प्रॉब्लेम," मनीष म्हणाला.

"तुमच्या हेडरमुळे माझं पास-थ्रू बंद पडलं."

"माझं स्विच चांगलं आहे. त्याला शेजार वाईट मिळालाय."

दोघंही मग कृष्णकांतांकडे वळले, कारण सगळा अभ्यास त्यांनी केला होता. कृष्णकांतांनी चष्मा काढला. या खेपेला तो पुसूनही काही सुचलं नाही. "सेटिंग आहे," ते म्हणाले. "उद्यापर्यंत होईल." आणि बाहेर येऊन त्यांनी दिशाचा नंबर लावला. फोन तिच्या आत्यानं उचलला. "नवरीला हलद लागलीय. ती आता फोनवर यायची नाय. आशीर्वाद द्यायचा तर द्या, मी सांगते." कृष्णकांतांनी आशीर्वाद दिला.

तपासनीस यायला आठवडा उरला तेव्हा मात्र धीर सुटला. दिशाचं लग्न होऊन गेलं होतं आणि सासरी, सातपाटीतच, सत्यनारायणाची पूजा होती. कृष्णकांतांनी साडीचा एक खोका घेतला, पालघरहून रिक्षा धरली आणि बोंबील सुकत घातलेल्या काठ्यांच्या ओळींमधून वाट काढत मांडवात पोचले. दिशा नवऱ्याशेजारी पाटावर बसली होती. हातभर हिरवा चुडा, खाली मान. भटजींनी कथेला नुकतीच सुरुवात केली होती.

"कोन वो तुमी? सूनबाईच्या आफिसातले का?" दिशाच्या सासूबाई, नलूबाई, पुढे आल्या. "बसा, बसा. परसाद घेतल्याबिगर जायाचं नाय. आज आमच्याकडं म्हावरं नाय हां, पूजा हाय."

कृष्णकांत सरकत सरकत पाटाच्या मागे जाऊन बसले. पहिला अध्याय संपला, घंटा वाजली, आणि तेवढ्यात त्यांनी पुढे वाकून कुजबुज केली, "दिशा, पिवळा दिवा लागलाय."

दिशानं मान न वळवता विचारलं, "कुठल्या मॉड्यूलवर?"

"दोन्ही."

भटजी खाकरले. दुसरा अध्याय सुरू झाला. त्यात कुणा गरीब माणसाचं भलं होत होतं, पण कृष्णकांतांचं लक्ष नव्हतं. घंटा वाजली.

"काका, तुम्ही मागवलं काय?"

"एक हे आणि एक ते. एक चालू, एक स्टँडबाय."

आणि नवी नवरी भर पूजेत फसकन हसली. मांडवातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नलूबाईंनी कृष्णकांतांकडे पाहिलं. भटजींनी तिसऱ्या अध्यायाचा आवाज चढवला, आणि कथेतला व्यापारी संकटात सापडला तेव्हा कृष्णकांतांना त्याच्याबद्दल फार जवळीक वाटली.

"ते दोन खण जोडीचे आहेत, काका," पुढच्या घंटेला दिशा म्हणाली. "जोडीत दोन्हीकडे एकाच प्रकारचं लागतं. वेगवेगळं टाकलं तर ते धूड दोघांनाही चालू होऊ देत नाही. मुद्दामच तशी सोय असते."

"मग कुठलं टाकू?"

याचं उत्तर मिळायला आणखी एक अध्याय जावा लागला. "स्विच. पास-थ्रूमधून दहाच्या दहा केबली बाहेर येणार. त्या लावायच्या कुठं? आपल्याकडं बाहेर तेवढ्या जागाच नाहीत. स्विचमधून एखाददुसरी केबल काढली की झालं."

आरतीला सगळे उभे राहिले. टाळ्यांच्या गजरात कृष्णकांत तिच्याजवळ सरकले. "एवढंच होतं?"

"एवढंच. मी त्या दिवशीच सांगितलं असतं की. पण तुम्ही मान हलवलीत."

प्रसाद हातात घेऊन कृष्णकांत समुद्राच्या बाजूला जाऊन उभे राहिले. शिरा गोड होता, पण तो तसाच हातात राहिला. मिनिटाभराची गोष्ट होती. आपण तेवढ्यासाठी जिन्यात बन्सीभाऊंचं तोंड वाचत बसलो होतो.

घरी आल्यावर बन्सीभाऊंनीच त्यांना सुटकेचा मार्ग दाखवला, आणि या वेळी चक्क उघड सांगितला. "पास-थ्रू खराब निघालं म्हणा. माल बदलून स्विच मागवा. कुणाला कळतंय? समदे तेच करतेत." मार्ग पक्का होता. एकच बारीक अडचण होती. मंगलदीपचा नियम असा, की खराब माल पाठवणाऱ्याचं नाव कायमचं काळ्या यादीत. म्हणजे भाग्येश जाणार होता. बिचाऱ्यानं जे मागितलं ते पाठवलं होतं आणि वर "सर" म्हटलं होतं. त्या रात्री कृष्णकांत जेवले नाहीत. जयवंतीबाईंनी काही विचारलं नाही, फक्त एडवणहून फोन आला तेव्हा "केबिनचं अजून रंगकाम चाललंय" असं सांगितलं. ते ऐकून कृष्णकांतांना आणखीच वाईट वाटलं. आजवर त्या घरात खोटं बोलणं हे त्यांचं एकट्याचं काम होतं.

सकाळच्या मीटिंगला शेठ, मनीष आणि प्रतीक्षा मॅडम बसले होते. शेठनी पिवळ्या दिव्यांवरून आपलं ठरवूनच ठेवलं होतं, "राऊतसाहेब, माल खराब ना? कळवून टाका त्या मुंबईवाल्याला. नाव कापा त्याचं."

काचेतून पलीकडची खोली दिसत होती. ड्रम गेले होते, फरशी पुसली होती, खिडकीतून उजेड आत आला होता. कृष्णकांतांनी एकदा तिकडे पोटभर पाहून घेतलं.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "मला कळलं नव्हतं. पास-थ्रू काय, स्विच काय, पहिल्या दिवसापासून मला काहीच कळलं नाही. विचारायची लाज वाटली म्हणून मी एक-एक मागवलं."

आता आकाश कोसळणार म्हणून कृष्णकांतांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"खरं सांगू का," मनीष हळूच म्हणाला, "मलाही नाही कळलं. तुम्ही विचारलंत म्हणून मी आपलं पाइपचं सांगितलं."

"मी पुड्या तपासल्या," प्रतीक्षा मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या गालावर चक्क रंग चढला. "तो डबा काय आहे ते मी विचारलंच नाही."

सगळे शेठकडे बघू लागले. शेठ टेबलावर बोट फिरवत होते. "लिलावात माझ्या शेजारच्यानं बोली लावली," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, एवढं मागतोय म्हणजे काहीतरी चांगलं असणार. मला तो फ्रिज वाटला होता."

चौघंही मग एकदम हसायला लागले. इतक्या वर्षांत त्या खोलीत असं कुणी हसलं नव्हतं. चहावाला दार उघडून बघून गेला.

भाग्येशनं पास-थ्रू परत घेतलं आणि स्विच पाठवलं. प्रतीक्षा मॅडमनी खोका उघडून आधी पुडी शोधली, मग स्वतःशीच हसल्या आणि लेबल लावून दिलं. दिशा रजा अर्धी टाकून आली, दोन्ही खणांत हिरवे दिवे लागले, दहाही सर्व्हर एकदाचे बोलते झाले. तपासनीस आले, डेटा सेंटरपुढे जेमतेम मिनिटभर उभे राहिले आणि उरलेला दिवस स्टोअरमधल्या उंदरांच्या पिंजऱ्यांना नंबर का नाहीत यावर बोलत बसले.

काचेची खोली शेठनी दिशाला दिली. "हे धूड तिला कळतं, तिनं त्याच्या शेजारी बसलेलं बरं," असं ते म्हणाले, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. कृष्णकांतांनी तिचं अभिनंदन केलं, पेढा खाल्ला आणि आपल्या टेबलावर येऊन बसले. पेढा खाताना हसू आणता आलं याचंच त्यांना नवल वाटत होतं. वाईट वाटत होतं, भरपूर वाटत होतं. एडवणला काय सांगायचं ते जयवंती बघेल, पण इथं रोज येता-जाता ती काच दिसणार होती.

दुपारी दिशा बोळात आली. "काका, केबिनला एसी बसवायचाय. शेठ म्हणाले तुम्हाला विचारायचं. कुठला घेऊ?"

कृष्णकांतांनी नाइलाजानं मान वर केली. "भिंत पश्चिमेची आहे, ऊन येणार. शिवाय शेजारी ते धूड गरम हवा सोडणार. तेव्हा एक टनाचा चालायचा नाही, दीड टन बघ. कॉइल तांब्याचीच हवी, पण नुसतं तांबं नको. इथल्या हवेत ॲसिडची वाफ असते, वर्षात खाऊन टाकते. लेप दिलेली माग. बाहेरचं युनिट स्क्रबरच्या बाजूला लावू देऊ नको, इलेक्ट्रिशियन पाइप वाचवायला तिकडंच लावील. आणि पाण्याची नळी उताराला..."

बोलता बोलता ते थांबले. दिशा कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे बघत होती.

"काका," ती म्हणाली, "मला यातलं काहीच कळलं नाही. परत सांगा ना."

लाजली नाही, आजूबाजूला पाहिलं नाही, मान हलवली नाही. उभ्या उभ्या, हातातल्या ग्लासातलं पाणी पिता पिता पोरीनं ते म्हणून टाकलं. कृष्णकांत तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी कोटेशनं बाजूला सारून तिच्या ग्लासाला जागा केली, सेल्समनसाठीची खुर्ची पुढे ओढून तिला बसायला दिली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.